यंदाच्या सालात येळवस नाही

कुणाच्या हातात निवडायची डाळ असेल, कुणाच्या मांडीवर लेकरू असेल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडं द्या. होळी झाली, पाडवा तोंडावर आला. घरोघरी भिंतीवर नवं कॅलेंडर लागून दोन महिने झाले. आज त्या कॅलेंडरविषयीच बोलायचं आहे. म्हणाल, त्यात काय बोलायचं? एकादशी, संकष्टी आणि दुधाचा हिशेब, एवढंच तर बघतो आपण. आम्हीही असंच म्हणायचो. पण गेल्या बैठकीत आमच्या गटात एका महिन्यावरून चांगलंच वाजलं, आणि मग आम्हाला कॅलेंडर नीट वाचावं लागलं.

झालं असं. आमच्या एका ताईनं गेल्या येळवशीला, म्हणजे 19 डिसेंबर 2025 ला, गटातून दहा हजार रुपये घेतले. शेळ्या घ्यायच्या होत्या. व्याज शेकडा दोन रुपये महिना. ताई म्हणाली, "पुढच्या येळवशीला मुद्दल-व्याज एकदम फेडते." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि वहीत तसंच लिहिलं, "मुदत पुढची येळवस." आपल्या कंधार-लोहा भागात, तिकडं लातूरकडं, येळवस म्हटलं की वेगळं काही सांगावं लागत नाही. मार्गशीर्षातली अमावस्या. शेतात कडब्याची कोप, आंबील, भज्जी, पाव्हणेरावळे. वर्षातून एकदा येते. ठरलेली आहे.

गेल्या बैठकीत सचिवताई कॅलेंडर घेऊन बसल्या. डिसेंबर 2026 चं पान उघडलं, तर येळवस नाही! नोव्हेंबर बघितला, तिथंही नाही. शेवटी पुढच्या सालाचं पंचांग कुणाच्या तरी मोबाईलवर बघितलं. येळवस निघाली 7 जानेवारी 2027 ला. म्हणजे 2026 या अख्ख्या सालात येळवस येतच नाही. मग कुणीतरी 2024 चं जुनं कॅलेंडर पेटीच्या तळातून काढलं. त्यात तर गंमतच. 11 जानेवारीला एक येळवस आणि 30 डिसेंबरला दुसरी. एका सालात दोन, एका सालात एकही नाही.

आता व्याज किती महिन्यांचं? ताई म्हणाली, "येळवस ते येळवस एक वर्ष. बारा महिन्यांचे चोवीसशे देईन." खजिनदार म्हणाल्या, "मधे धोंड्याचा महिना आहे. तेरा महिने होतात. सव्वीसशे द्यावे लागतील." दोघी आपापल्या जागी खऱ्या. दोनशे रुपयांचा प्रश्न, पण दोनशे रुपये म्हणजे आपल्याकडं निंदणीचा एक दिवस. आवाज चढले. तेव्हा आम्ही ठरवलं की आधी हा महिना म्हणजे काय ते समजून घ्यायचं. जे समजलं ते आज तुम्हाला सांगतो.

महिना मोजायची सगळ्यात जुनी खूण चंद्र. एका अमावस्येपासून दुसऱ्या अमावस्येपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस जातात. आपला मराठी महिना अमावस्येला संपतो आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला नवा लागतो. उत्तर हिंदुस्थानात महिना पुनवेला संपवतात. म्हणून आपला श्रावण वद्य अष्टमीचा कृष्णजन्म त्यांच्याकडं भाद्रपदात मोजतात. सण एकाच रात्री, महिन्याचं नाव वेगळं.

महिन्यांची नावं कुठून आली? पुनवेचा चंद्र ज्या नक्षत्राजवळ असतो, त्यावरून. चित्रेजवळ असला की चैत्र, विशाखेजवळ असला की वैशाख, कृत्तिकेजवळ कार्तिक, मृगशीर्षाजवळ मार्गशीर्ष, मघेजवळ माघ. रात्री अंगणात बाज टाकून वर बघणाऱ्या माणसांनी ही नावं ठेवली आहेत. त्या माणसांत बायाही असणारच, कारण अंगणात झोपणाऱ्या लेकराला चांदोबा दाखवायचं काम कुणाचं, ते आपल्याला माहीत आहे.

आता हिशेब बघा. साडेएकोणतीसचे बारा महिने केले की 354 दिवस होतात. पण एका उन्हाळ्यापासून दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत 365 दिवस आणि वर पाव दिवस लागतो, कारण ऋतू सूर्यावर चालतात. म्हणजे चंद्राचं वर्ष दर वर्षी अकरा दिवसांनी तोकडं पडतं. म्हणूनच 11 जानेवारीची येळवस पुढं 30 डिसेंबरला आली आणि मग 19 डिसेंबरला. अशीच मागं येत राहिली असती तर काही वर्षांनी येळवस दिवाळीच्या दिवसांत आली असती आणि पुढं कधीतरी भर पावसात. शेतात ना ज्वारी, ना हरभऱ्याचे घाटे, आणि आपण चिखलात कोप बांधून बसलो असतो!

तसं होऊ नये म्हणून जुन्या लोकांनी उपाय काढला. दर वर्षी अकरा, तर तीन वर्षांत तेहतीस दिवस तुटतात. ते साठवायचे आणि तीन वर्षं पुरी व्हायच्या आत-बाहेर एक जास्तीचा महिना घालायचा. तोच अधिक महिना, आपला धोंड्याचा महिना. जावयाला तीस-तीन अनारसे देतात, त्या तेहतिसाचा मेळ या तेहतीस दिवसांशी बसतो, हे आम्हाला आत्ता कळलं. इतकी वर्षं आम्ही नुसतेच तळत होतो.

हा महिना कुठं घालायचा त्याचाही नियम आहे. सूर्य दर महिन्याला एक रास ओलांडतो, त्याला संक्रांत म्हणतात. पौषात येते ती मकरसंक्रांत आपण साजरी करतो, पण वर्षाच्या संक्रांती बाराच्या बारा असतात. ज्या चांद्र महिन्यात एकही संक्रांत येत नाही, तो अधिक. यंदाचंच बघा. सूर्य वृषभेत जातो 15 मे ला. महिना लागतो 17 मे ला. तो संपतो 15 जूनला सकाळी, आणि सूर्य मिथुनेत जातो त्याच दिवशी, पण त्यानंतर. काही तासांनी चुकामूक! म्हणून यंदा ज्येष्ठ दोन. 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आणि 16 जून ते 14 जुलै खरा, ज्याला निज ज्येष्ठ म्हणतात. वटपौर्णिमा दुसऱ्या ज्येष्ठात. म्हणूनच यंदा आषाढी एकादशी 25 जुलैला आहे. गेल्या वर्षी ती 6 जुलैला होती. दिवाळीही नोव्हेंबरात गेली. आणि येळवस ढकलली गेली थेट जानेवारीत.

आपल्या कंधारातच याच्या उलट चालणारा हिशेबही आहे. दर्ग्याचा उरूस, रमजान, ईद हे सगळं हिजरी महिन्यांवर. तेही महिने चंद्राचेच, बाराच, 354 दिवसांचे. पण त्यात जास्तीचा महिना घालत नाहीत. म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून पुन्हा जागेवर येतो. 2016 साली रोजे ऐन जूनमध्ये होते, यंदा फेब्रुवारी-मार्चमध्ये. आमच्या गटातल्या एका आपा म्हणतात, "हमारा महिना सब मौसम देखता है." थंडीतला रोजा आणि उन्हाळ्यातला रोजा, दोन्ही माणसाच्या वाट्याला येतात.

मग शेतकरी काय करतो? तो चंद्राच्या भरवशावर पेरत नाही. तो नक्षत्र बघतो, आणि पावसाची नक्षत्रं सूर्याची असतात. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू असं एकेक नक्षत्र सूर्य तेरा-चौदा दिवसांत ओलांडतो. मृग दर वर्षी 7-8 जूनलाच लागतो, मग तिथी काहीही असो, ज्येष्ठ एक असो की दोन. म्हणून धोंड्याच्या वर्षी सगळे सण पुढं गेले तरी पेरणी पुढं जात नाही. मराठ्यांच्या जुन्या कागदांत तर शुहूर सन म्हणून एक वर्ष होतं, ते सूर्य मृगात गेला की बदलायचं. त्याला मृगसालच म्हणत. पेरणीबरोबर नवं वर्ष!

म्हणजे आपल्या घरात पहिल्यापासून दोन घड्याळं आहेत. सणाचं चंद्राचं आणि शेताचं सूर्याचं. त्यात तिसरं आलं कचेरीचं.

कचेरी म्हणजे आज इंग्रजी तारीख. ती एवढी पक्की वाटते की जणू देवानंच छापून पाठवली. पण तिचीही जोडाजोडच आहे. रोमन लोकांचं वर्ष पूर्वी मार्चमध्ये सुरू व्हायचं. मार्चपासून बोटं मोजा: सातवा सप्टेंबर, आठवा ऑक्टोबर, नववा नोव्हेंबर, दहावा डिसेंबर. सप्त, अष्ट, नव, दश, आपलेच शब्द वाटतात ना? पुढं वर्ष जानेवारीत गेलं, नावं तशीच राहिली. जुलै हे ज्युलियस सीझरचं नाव, ऑगस्ट हे ऑगस्टस बादशहाचं. लीप वर्षाचा हिशेब थोडा चुकत होता, तो चुकत चुकत दहा दिवसांचा झाला. तेव्हा 1582 साली पोप ग्रेगरीनं 4 ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी 15 ऑक्टोबर लावला. इंग्रजांनी ते ऐकलं 1752 साली. त्यांच्याकडं 2 सप्टेंबरला लोक झोपले आणि सकाळी उठले तर 14 सप्टेंबर. मधले अकरा दिवस आलेच नाहीत. सांगायचं एवढंच, की सूर्य-चंद्र आपापल्या वाटेनं जातात. महिना कुठं तोडायचा आणि वर्ष कुठं सुरू करायचं, ते माणसं ठरवतात. आणि ज्याच्या हातात कारभार, त्याचं ठरतं.

आपल्या मराठवाड्याला हे चांगलं माहीत असायला पाहिजे. आपण 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होतो. तिथं कचेरीत ना मराठी महिना चालायचा, ना इंग्रजी. तिथं फसली साल चालायचं. फसल म्हणजे पीक. याची सुरुवात अकबर बादशहाच्या काळातली आणि दख्खनमध्ये ते शहाजहानच्या काळात आलं. कारण ऐकण्यासारखं आहे. हिजरी वर्ष 354 दिवसांचं, पीक मात्र 365 दिवसांनी. तेहतीस सुगी होतात तेवढ्यात हिजरी वर्षं चौतीस होतात. सारा हिजरी वर्षावर घेतला तर शेतकऱ्याला तेहतीस पिकांवर चौतीस वेळा सारा भरावा लागेल! म्हणून वसुलीसाठी पिकाच्या चालीचं वेगळं वर्ष केलं. आमच्या गटात दोनशे रुपयांवरून जे भांडण झालं, तेच भांडण बादशाहीतही होतं. जास्तीचा महिना कुणाच्या अंगावर पडायचा, एवढाच प्रश्न.

हैदराबादेत या फसली सालाचे महिने आजूर, दय, बहमन, इस्फंदार असे फारसी नावांचे होते, आणि साल आजूरपासून, म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून धरत. फसली सालात 590 मिळवले की इंग्रजी साल कळतं. निजामाचा जमीन महसूल कायदा 1317 फसलीचा म्हणतात, तो 1907 सालचा. तुमच्या घरात आज्याच्या वेळचा एखादा जुना कागद असेल, त्यावर तेराशे चाळीस, तेराशे पन्नास असं साल दिसलं, तर तो काही शिवाजी महाराजांच्याही आधीचा कागद नव्हे. 590 मिळवा. 1340 म्हणजे 1930 च्या सुमाराचा.

आता एका आजींची गोष्ट सांगतो. याच्यामुळंच आम्ही फसलीच्या मागं लागलो.

आमच्या गावच्या या आजींना श्रावणबाळ योजनेचा पगार पाहिजे होता. त्याला वय पासष्ट लागतं. आजींच्या आधारकार्डावर जन्मतारीख 1 जानेवारी 1963. म्हणजे अजून दोन वर्षं थांबा. तुम्हाला माहीतच आहे, ज्यांची तारीख कुणाला ठाऊक नाही त्या सगळ्यांची 1 जानेवारी आणि ज्या शाळेत गेल्या त्या निम्म्या जणींची 1 जून. कार्ड काढताना समोरच्यानं विचारलं, "आजी, वय किती?" आजी म्हणाल्या, "असंल पन्नासेक." तेच लिहिलं गेलं. तेव्हा आजींना कुणी सांगितलं नाही की या एका शब्दावर पुढं पगार अडणार आहे.

आम्ही आजींच्या थोरल्या मुलाचा शाळेचा दाखला बघितला. त्याचा जन्म 1970 चा. म्हणजे कागदाप्रमाणे आजी सात वर्षांच्या असताना त्यांना मुलगा झाला! आम्ही आजींजवळ बसलो. म्हटलं, "आजी, तुम्ही कधी जन्मल्या, काही आठवतं का? तुमची आई काय सांगायची?" आजी तडक बोलल्या, "मला कसं आठवंल? पण माय सांगायची. मी आषाढी एकादशीला झाले, म्हणून तर इठ्ठलाच्या नावावरून नाव ठेवलं. मी पाळण्यात होते आन् पोळा झाला. पोळ्यानंतर दहा-बारा दिसांनी मिल्ट्री आली आन् रझाकार पळाले."

बायांनो, या बाईला तारीख माहीत नाही असं कोण म्हणतं? आजींना तिथी माहीत होती, घटना माहीत होती, सगळं बिनचूक माहीत होतं. फक्त ते कचेरीच्या भाषेत नव्हतं. भारताचं लष्कर निजामाच्या हद्दीत शिरलं 13 सप्टेंबर 1948 ला आणि 17 सप्टेंबरला संस्थान मोकळं झालं. तोच आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. म्हणजे आजींचा जन्म 1948 च्या आषाढीचा.

पण 1948 ची आषाढी कोणत्या तारखेला होती? इतकं जुनं कॅलेंडर कुणाकडं असणार? तेव्हा एका निवृत्त गुरुजींनी एक युक्ती सांगितली. ती लिहून ठेवा. चंद्राचा आणि सूर्याचा मेळ एकोणीस वर्षांनी पुन्हा बसतो. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने पडतात, एकूण 235 चांद्र महिने होतात, आणि ते जवळजवळ नेमके एकोणीस सौर वर्षांएवढे भरतात. म्हणून एकोणीस वर्षांपूर्वी आणि एकोणीस वर्षांनंतर सण त्याच तारखेला किंवा एखाद्या दिवसाच्या फरकानं येतो. क्वचित कधी अधिक महिना इकडचा तिकडं पडला तर महिन्याचा फरक येतो, पण बहुतेक वेळा मेळ बसतो. 1948 मध्ये एकोणीस मिळवले 1967, मग 1986, मग 2005, मग 2024. आणि 2024 चं कॅलेंडर तर पेटीतून नुकतंच निघालं होतं! त्यात आषाढी एकादशी 17 जुलैला. पोळा 2 सप्टेंबरला. पोळ्यानंतर अकरा दिवसांनी तारीख येते 13 सप्टेंबर. आजींच्या आईचं बोलणं दिवसाला दिवस जुळलं. आजी जुलै 1948 च्या. आज त्यांना सत्याहत्तरावं पूर्ण झालेलं आहे. म्हणजे पासष्टाव्या वर्षापासून बारा वर्षं होऊन गेली.

आता खरं ते सांगायला पाहिजे. आपण कॅलेंडरवरून काढलेली तारीख म्हणजे कचेरीतला पुरावा नव्हे. ती दाखवून आधार दुरुस्त होत नाही, पगार सुरू होत नाही. पण कुठलं दप्तर उघडायचं ते कळतं. गावच्या जन्माच्या जुन्या नोंदी मागायला गेलं तर "1948 चं रजिस्टर" म्हणून चालत नाही, कारण त्या वेळी साल फसली होतं. 1948 मधून 590 वजा केले की 1358. पण फसली साल जानेवारीत सुरू होत नव्हतं, त्यामुळं एका इंग्रजी सालात दोन फसली सालांचे तुकडे येतात. म्हणून अर्जात 1357 आणि 1358 ही दोन्ही सालं लिहावीत. तसा अर्ज आम्ही दिला आहे. सोबत मुलाचा शाळेचा दाखला जोडला आणि सरकारी दवाखान्यातून वयाच्या दाखल्यासाठीही अर्ज केला. उत्तर अजून यायचं आहे. आजी दर बैठकीला येऊन विचारतात, "आला का गं माझा वाढदिवस?"

अजून एक चमत्कार बघा. येत्या 19 मार्चला पाडवा. शालिवाहन शक मोजायचा तर इंग्रजी सालातून 78 वजा करायचे. 2026 मधून 78 गेले, राहिले 1948. म्हणजे पाडव्याला शके 1948 लागणार! आणि संस्थान मोकळं झालं त्या इंग्रजी 1948 साली शके होतं 1870. आकडा एकच, वर्षं दोन. म्हणून कागदावर नुसतं साल लिहू नये. कोणतं साल ते लिहावं: इसवी, शके की फसली.

स्वातंत्र्यानंतर सरकारनंही या गोंधळावर उपाय काढला होता. 1952 साली शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिला देशात तीसएक निरनिराळी पंचांगं चालू असलेली आढळली. मग 22 मार्च 1957 पासून सरकारनं भारतीय सौर दिनदर्शिका आणली. नावं आपलीच, चैत्र-वैशाख. पण महिने सूर्याचे, ठरलेल्या दिवसांचे, अधिक महिना नाही. त्यात यंदा 1 चैत्र 22 मार्चला आहे, आपल्या पाडव्याच्या तीन दिवस नंतर. सरकारी राजपत्रावर ती तारीख छापतात, पण आपल्या गावात ती अजून पोचली नाही.

आणि कचेरीचं तरी वर्ष एक आहे का? कॅलेंडर जानेवारीत बदलतं. बँकेचं आणि गटाच्या हिशेबाचं वर्ष 1 एप्रिलला लागतं. तलाठ्याच्या दप्तरातलं महसुली वर्ष 1 ऑगस्टला. लेकरांची शाळा जूनमध्ये. म्हणून कुणी "यंदा देतो", "पुढच्या वर्षी करतो" असं म्हणालं की आपण विचारायचं, "कोणत्या वर्षात? तारीख सांगा."

आता सगळ्यात महत्त्वाचं, आपल्या अंगावरचा महिना. सुनेला दिवस गेले की आपण म्हणतो नऊ महिने नऊ दिवस. डॉक्टर आणि आशाताई मोजतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस. सोपा हिशेब असा: त्या तारखेत नऊ महिने मिळवा आणि वर सात दिवस. पाळी 10 मार्चला आली असेल तर 10 डिसेंबर आणि सात, म्हणजे 17 डिसेंबरच्या आसपास बाळंतपण. आशाताईनं विचारलं, "पाळी कधी आली होती?" तर पुष्कळ जणी सांगतात, "संक्रांतीच्या दोन दिस आधी." ते चालतं, कारण संक्रांत सूर्याची, 14-15 जानेवारी ठरलेली. पण यंदा कुणी म्हणाली, "जेठात आली होती," तर काय समजायचं? यंदा ज्येष्ठ दोन आहेत. पहिला की दुसरा, यात अख्ख्या महिन्याचा फरक पडतो. बाळ दिवस भरून आलंय की आधी आलंय, सोनोग्राफी कधी, टिटॅनसची सुई कधी, दवाखान्यात भरती कधी, सगळं त्या एका तारखेवर आहे. महिन्याची चूक म्हणजे आई आणि बाळ दोघांच्या जिवाशी खेळ. म्हणून पाळी आली की त्या दिवशी कॅलेंडरवर छोटी फुली मारा. लाजायचं काही नाही. दुधाच्या हिशेबाला खुणा करतोच की आपण, मग स्वतःच्या अंगाच्या हिशेबाला का नको? पोरींनाही वयात आल्या की हीच सवय लावा.

आता आमच्या भांडणाचं काय झालं ते सांगतो. आम्ही वही काढली आणि "मुदत पुढची येळवस" यावर काट मारून, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेऊन, नवीन लिहिलं: मुदत 19 डिसेंबर 2026, व्याज बारा महिन्यांचं, 2400 रुपये. ताईला तुरीचे पैसे उशिरा आले तर मुदत वाढवून देऊ, पण तेव्हाही तारीख लिहू आणि वाढलेल्या दिवसांचं व्याज आधी सांगू. ताईही खूश, खजिनदारही खूश. चूक दोघींचीही नव्हती. चूक आमची होती, की कोणता महिना धरायचा ते आम्ही आधी ठरवलंच नव्हतं.

त्या दिवसापासून गटात तीन गोष्टी केल्या आहेत. पहिली, कर्जाच्या वहीत सणाचं नाव लिहायचं नाही असं नाही, पण सणाशेजारी तारीख आणि साल लिहायचंच. आपल्या पंचसूत्रीत हिशेबाचं दप्तर आहे, ते नुसतं रुपयांचं नाही, तारखांचंही आहे. दुसरी, एक दोनशे पानी वही केली आहे. तिच्यात प्रत्येक घरातल्या म्हाताऱ्या माणसांची आठवण लिहून घेतो. कोणत्या सणाच्या सुमारास जन्म, तेव्हा गावात काय घडलं होतं, पाठचं-पुढचं भावंडं कोण, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेले तेव्हा कडेवर लेकरू कोणतं होतं. म्हाताऱ्या आहेत तोवर हे मिळेल. त्या गेल्या की त्यांच्याबरोबर आपलंही दप्तर जातं. तिसरी, घरात मूल जन्मलं की एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद. म्हणजे आणखी साठ वर्षांनी आपल्या लेकीला कुणापुढं "असंल पन्नासेक" असं म्हणावं लागणार नाही.

तुमच्या गटातही हे करून बघा. आणि जुनी कॅलेंडरं फडताळात अंथरायला वापरता, ती फेकू नका. एकोणीस वर्षांनी ती पुन्हा बोलायला लागतात.

यंदाच्या सालात येळवस नाही म्हणून नाराज होऊ नका. 7 जानेवारी 2027 ला गुरुवार आहे. कोप बांधायला या. आंबील आमच्याकडं. तारीख मात्र आजच लिहून ठेवा.